दूरचित्रवाणीवरील थेट प्रश्नोत्तरे आणि शेतकरी

(अभ्यासपाठ)

शेतकीचे नवे ज्ञान शेतकऱ्यापर्यंत नेण्याची साधने आजवर पुष्कळ झाली. प्रदर्शने भरली, पत्रके निघाली, मासिके चालली; पुढे नभोवाणी आली, व तिच्यामागून दूरचित्रवाणी आली. साधन दर वेळी अधिक प्रभावी होत गेले हे खरे. परंतु या बहुतेक साधनांत एक उणीव सारखीच राहिली. ज्ञानाचा ओघ वरून खाली वाहतो, खालून वर काहीच जात नाही. शहरातील दालनात बसून बोलणाऱ्या तज्ज्ञास श्रोत्याच्या जमिनीचा पोत दिसत नाही. आणि ओसरीवर बसून पाहणाऱ्या शेतकऱ्यास त्याला मध्येच थांबवून, "साहेब, आमच्या रानात हे लागू पडत नाही," असे म्हणता येत नाही.

ही उणीव भरून काढण्याचे जे प्रयत्न झाले, त्यांत प्रेक्षकांच्या प्रश्नांवर व अभिप्रायांवर चालणारी थेट दूरचित्रवाणी हा एक महत्त्वाचा प्रयत्न होय. आज कित्येक शेतकऱ्यांच्या घरी संच आहे, खिशात दूरध्वनी आहे, आणि थेट कार्यक्रमात प्रश्न विचारण्याची सोयही आहे. असे असूनही पुष्कळदा अनुभव येतो तो निराळाच. ऐनवेळी घाईने विचारलेल्या अर्धवट प्रश्नास अर्धवटच उत्तर मिळते. त्या उत्तरावर भिस्त ठेवून फवारणीचा खर्च केला जातो. गुण येत नाही, आणि पीक व पैसा दोन्ही हातचे जातात. मग शेतकरी तज्ज्ञास दोष देतो व तज्ज्ञ शेतकऱ्यास.

प्रस्तुत पाठाचे तात्पर्य प्रारंभीच सांगून ठेवितो. अशा कार्यक्रमाची किंमत तज्ज्ञाच्या विद्वत्तेवर जितकी अवलंबून असते, तितकीच प्रेक्षकाच्या प्रश्नावर व त्याने मागाहून कळविलेल्या अनुभवावर असते. हे आपल्या देशात झालेल्या प्रयोगांवरून कसे दिसून येते ते प्रथम पाहू, व नंतर त्यावरून आपल्या गावी काय करता येईल त्याचा विचार करू.

१. हे साधन चालते कसे

थेट कार्यक्रम म्हणजे जो आधी चित्रित करून ठेविलेला नाही, ज्यातील बोलणे घडत असतानाच प्रेक्षकास दिसते व ऐकू येते, असा कार्यक्रम. उपग्रहामार्फत तो पुढीलप्रमाणे पोहोचतो. केंद्रातील दालनातून चित्र व ध्वनी यांच्या लहरी भूकेंद्राकडे जातात. तेथून त्या विषुववृत्तावर सुमारे ३६,००० किलोमीटर उंचीवर असलेल्या उपग्रहाकडे सोडल्या जातात. उपग्रह त्या पुन्हा पृथ्वीकडे पाठवितो, आणि ताटलीच्या आकाराच्या ग्राहकाने त्या झेलून संचास पुरविल्या जातात. प्रेक्षकाचा आवाज मात्र दूरध्वनीने, किंवा त्यासाठी बसविलेल्या निराळ्या यंत्राने केंद्राकडे परत जातो. चित्र एकाच बाजूने जाते आणि आवाज दोन्ही बाजूंनी, म्हणून या पद्धतीस एकेरी चित्राची व दुहेरी आवाजाची पद्धती असे म्हणता येईल.

लहरींना वर जाऊन खाली येण्यास सुमारे पाव सेकंद लागतो. हल्लीच्या यंत्ररचनेत इतर क्रियांमुळे हा विलंब काही सेकंदांपर्यंतही वाढतो. प्रश्न विचारणाऱ्यास "आपल्या संचाचा आवाज कमी करा" असे सांगण्यात येते, त्याचे कारण हेच. संच मोठ्याने चालू राहिल्यास स्वतःचेच शब्द मागाहून कानी पडतात, बोलणारा गोंधळतो, आणि मिळालेला मोलाचा वेळ फुकट जातो. यास्तव बोलणाऱ्याने संचापासून दूर जाऊन, दूरध्वनीतील आवाजाकडेच लक्ष देऊन बोलावे.

प्रेक्षकाकडून केंद्राकडे जाणाऱ्या वाटा दोन आहेत, हे येथे ध्यानात घेतले पाहिजे. पहिली वाट तात्काळ आहे. प्रश्न विचारला व तेथल्या तेथे उत्तर मिळाले. दुसरी सावकाश आहे. प्रेक्षकांचे अभिप्राय, तक्रारी व अनुभव केंद्राकडे गोळा होतात, आणि त्यांवरून पुढील कार्यक्रम ठरतात. पहिली वाट डोळ्यांत भरते, म्हणून लोक तिलाच सर्वस्व समजतात. परंतु पुढे वर्णिलेल्या प्रयोगांवरून दुसरीचे महत्त्व काडीमात्र कमी नाही असे आढळून येईल.

२. पुण्याचा प्रयोग, १९५६

या पद्धतीचे मूळ दूरचित्रवाणीच्याही आधीचे आहे, आणि त्यातील एक महत्त्वाचा प्रयोग आपल्या महाराष्ट्रातच झालेला आहे. कॅनडा देशात १९४१ पासून १९६५ पर्यंत शेतकऱ्यांची नभोवाणी-मंडळे चालत असत. शेजारपाजारची कुटुंबे सोमवारी सायंकाळी एका घरी जमत, आधी आलेले छापील टिपण वाचीत, कार्यक्रम ऐकत, त्यावर चर्चा करीत, व आपला निष्कर्ष प्रांताच्या चिटणिसाकडे पाठवीत. या निष्कर्षांचा सारांश पुढे नभोवाणीवरूनच सांगण्यात येई. 'वाचा, ऐका, चर्चा करा, कृती करा' असे त्या मंडळांचे ब्रीद होते.

याच धर्तीवर १९५६ च्या फेब्रुवारी ते एप्रिल या महिन्यांत आकाशवाणीच्या पुणे केंद्राने युनेस्को संस्थेच्या साहाय्याने एक प्रयोग केला. त्यावेळच्या मुंबई राज्यातील पाच मराठी जिल्ह्यांतून सुमारे १५० गावे निवडण्यात आली. प्रत्येक गावी सुमारे वीस जणांचे एक मंडळ, त्यास एक अध्यक्ष व एक निमंत्रक, अशी रचना होती. आठवड्यातून दोन वेळा, अर्धा तास, याप्रमाणे वीस कार्यक्रम झाले. कार्यक्रम संपला की संच बंद करून मंडळाने त्यावर चर्चा करावयाची, निमंत्रकाने टिपण लिहावयाचे, व जे प्रश्न गावात सुटले नाहीत ते केंद्राकडे पाठवावयाचे, असा क्रम होता. त्यांची उत्तरे पुढील कार्यक्रमांतून देण्यात येत.

प्रयोगाची पाहणी टाटा समाजविज्ञान संस्थेने केली, व पॉल न्यूराथ या समाजशास्त्रज्ञाने तिचा वृत्तांत लिहिला. पाहणीसाठी मंडळ असलेली गावे, नुसता रेडिओ असलेली गावे, आणि रेडिओच नसलेली गावे, अशी तीन प्रकारची गावे घेऊन, प्रयोगापूर्वी व प्रयोगानंतर लोकांची माहिती किती होती हे प्रश्न विचारून तपासले गेले. मंडळ असलेल्या गावांत लोकांचे ज्ञान ठळकपणे वाढलेले आढळले. मंडळ नसलेल्या गावांत वाढ नाममात्र होती, आणि जी थोडी झाली ती मुख्यतः रेडिओ असलेल्या गावांत झाली.

या निष्कर्षाचा अर्थ शेतकऱ्यांनी नीट समजून घ्यावा. मंडळाच्या गावी जो रेडिओ वाजत होता, तोच मंडळ नसलेल्या गावीही वाजू शकत होता. फरक पडला तो ऐकल्यानंतर माणसे बसून बोलली यामुळे, आणि आपल्या बोलण्याचा केंद्रावर परिणाम होतो असे त्यांस दिसून आले यामुळे. पुढे १९५९ साली आकाशवाणीने ही मंडळांची योजना देशभर चालू केली.

३. दूरचित्रवाणीचे दोन प्रयोग : उपग्रह आणि खेडा

शेतकऱ्यांसाठी 'कृषिदर्शन' हा कार्यक्रम दिल्ली केंद्रावरून २६ जानेवारी १९६७ रोजी सुरू झाला. दिल्लीभोवतालच्या ८० गावांत सामुदायिक संच ठेवून तो दाखविण्यात येई. पुढे २ ऑक्टोबर १९७२ रोजी मुंबई केंद्र सुरू झाले, आणि 'आमची माती, आमची माणसं' हा मराठी कार्यक्रम आपल्याकडील घराघरांत परिचित झाला.

याहून मोठा प्रयत्न म्हणजे १ ऑगस्ट १९७५ ते ३१ जुलै १९७६ या वर्षात झालेला उपग्रह-शिक्षण प्रयोग. अमेरिकेने उसना दिलेल्या उपग्रहामार्फत सहा राज्यांतील सुमारे २,४०० खेड्यांत थेट कार्यक्रम पोहोचविण्यात आले. या प्रयोगाच्या उभारणीत कोल्हापूरचे सुपुत्र प्रा. एकनाथ वसंत चिटणीस यांचा मोठा वाटा होता. इतक्या दूरच्या खेड्यांत चित्र नेता येते, हे या प्रयोगाने निर्विवाद सिद्ध केले. परंतु त्याबरोबरच एक अडचण पुढे आली. उपग्रह एक, आणि प्रदेश अनेक. एकाच भाषेतील कार्यक्रम पाहणाऱ्या गावांत जमीन, पाऊस, पीक व पेऱ्याची वेळ यांत महदंतर असे. त्यामुळे शेतीविषयक कार्यक्रम स्थानिक गरजांशी पुरते जुळत नाहीत, अशी टीका झाली. आणि ती वाजवी होती. वाफसा आपल्या रानात कधी येतो, हे आकाशातून सांगता येत नाही.

या अडचणीवर उपाय शोधण्याचे काम गुजरातेतील खेडा जिल्ह्यात झाले. अहमदाबादच्या अवकाश संशोधन संस्थेने पीज या गावी लहान शक्तीचे प्रक्षेपक बसविले व १९७५ पासून सुमारे चारशे गावांसाठी स्थानिक कार्यक्रम चालविले. येथे कार्यक्रमाचा प्रारंभ दालनात होत नसे, गावात होत असे. संशोधक गावोगाव जाऊन लोकांच्या गरजा जाणून घेत, त्यावरून कार्यक्रम रचला जाई, तो लोकांस दाखवून अभिप्राय घेतला जाई, आणि पुढील भाग त्यानुसार बदलण्यात येई. गावकरी स्वतः कार्यक्रमांत काम करीत. 'दाद फरियाद' या मालिकेत तर गावकऱ्यांच्या तक्रारी पडद्यावर मांडून संबंधित अधिकाऱ्यांकडून त्यांचा जबाब घेण्यात येई. कचेरीत जी गोष्ट एकट्या शेतकऱ्यास ऐकविता येत नाही, ती चारशे गावांसमोर विचारली गेली म्हणजे तिला वजन येते, हे येथे दिसून आले. १९८४ साली या प्रकल्पास ग्रामीण संज्ञापनाबद्दल युनेस्कोचे पारितोषिक मिळाले.

पारितोषिकानंतर लवकरच, १९८५ साली, पीज येथील प्रक्षेपण बंद करण्यात आले. ग्रामस्थांनी त्यास विरोध केला. त्याचा उपयोग झाला नाही. या घटनेतील बोध कडू आहे, पण विसरण्याजोगा नाही. विहीर गावाची असली तरी मोटेचा दोर दुसऱ्याच्या हाती असेल, तर पाणी केव्हा थांबेल याचा नेम नसतो.

४. झाबुआ : दुहेरी आवाजाचा प्रयोग

आतापर्यंतच्या प्रयोगांत गावाचे म्हणणे केंद्राकडे जाई ते कागदावरून किंवा संशोधकाच्या तोंडून. ते प्रत्यक्ष शेतकऱ्याच्या आवाजात, कार्यक्रम चालू असतानाच जावे, अशी सोय मध्यप्रदेशातील झाबुआ जिल्ह्यात नोव्हेंबर १९९६ पासून करण्यात आली. हा जिल्हा डोंगराळ, पावसावर अवलंबून असलेला, व मुख्यतः भिल्ल-भिलाला लोकांच्या वस्तीचा. अलीराजपूरचा भाग त्या काळी याच जिल्ह्यात असल्याने त्याची दक्षिण सीमा नर्मदेपाशी आपल्या नंदुरबारकडील प्रदेशास भिडत असे. तेथील जमिनीची धूप, पाण्याची टंचाई व रोजगारासाठी होणारे स्थलांतर, हे प्रश्न आपल्या सातपुड्यातील शेतकऱ्यांस परके नाहीत.

या प्रकल्पात १५० गावांत उपग्रहावरून थेट कार्यक्रम घेणारे संच बसविण्यात आले, आणि १२ विकासगटांच्या मुख्य ठिकाणी परत बोलण्याची यंत्रे ठेवण्यात आली. अहमदाबादच्या दालनातून रोज सायंकाळी कार्यक्रम होत. पाणलोट, शेती, आरोग्य, शिक्षण व पंचायतीचा कारभार हे त्यांचे मुख्य विषय होते. दिवसा याच यंत्रांवरून पंचायतीचे सभासद व गावपातळीवरील सेवक यांचे शिक्षण चाले. सेवकाने आपल्या गटाच्या ठिकाणी बसून प्रश्न विचारावा, व अहमदाबादेतील तज्ज्ञाने त्याचे तात्काळ उत्तर द्यावे, असा प्रकार होता.

या रचनेतील संख्यांकडे वाचकांनी लक्ष द्यावे. पाहणारी गावे १५० आणि बोलणारी ठिकाणे १२. ज्यास प्रत्यक्ष बोलावयाचे, त्यास गटाच्या ठिकाणी जावे लागे. तेव्हा गावाचा प्रश्न गावातून निघून त्या यंत्रापर्यंत कोणीतरी वाहून नेणे आवश्यक होते. वाहून नेणारा माणूस जबाबदार असेल आणि प्रश्न नीट बांधलेला असेल, तरच तो वाटेत सांडणार नव्हता. आज प्रत्येकाच्या हाती दूरध्वनी आल्यामुळे अंतराची ही अडचण पुष्कळ दूर झाली आहे. पण तिची जागा दुसऱ्या अडचणीने घेतली आहे. बोलू इच्छिणारे हजारो आणि वेळ अर्धा-पाऊण तास. म्हणजे अरुंद वाट अद्याप अरुंदच आहे. जिला एकच बैलगाडी जाऊ शकते अशा वाटेने रिकामी गाडी हाकणे शहाणपणाचे नव्हे.

५. प्रश्न कसा बांधावा : तुरीचे उदाहरण

एक नित्याचे उदाहरण घेऊ. शेतकरी विचारतो, "माझी तूर वाळत आहे, उपाय सांगा." या प्रश्नास कोणताही तज्ज्ञ खात्रीचे उत्तर देऊ शकणार नाही, कारण तूर वाळण्याची कारणे निरनिराळी आहेत व त्यांचे उपायही निरनिराळे आहेत.

(अ) मर रोग. हा जमिनीत राहणाऱ्या बुरशीमुळे होतो. बहुधा फुलोऱ्याच्या व शेंगांच्या वेळी झाडे ठिगळाठिगळाने माना टाकतात. खोडावर बुंध्यापासून वर चढत गेलेला जांभळट पट्टा दिसतो, आणि खोड उभे चिरल्यास आत तपकिरी-काळ्या रेघा आढळतात. वाळलेले झाड कोणत्याही फवारणीने पुन्हा उभे राहत नाही. खरा उपाय पुढील हंगामाचा आहे : पिकांची फेरपालट करणे, ज्वारीचे आंतरपीक घेणे, बियाण्यास ट्रायकोडर्मा चोळणे, आणि बी.एस.एम.आर. ७३६ सारखा रोगप्रतिकारक वाण पेरणे.

(आ) करपा. याची बुरशी निराळी असते. सखल जागी पाणी साचल्यावर, पीक लहान असताना, हा विशेषतः दिसतो. खोडावर जमिनीलगत तपकिरी, खोलगट चट्टे पडून झाड तेथून मोडते. येथे मुख्य उपाय पाण्याचा निचरा करणे व वरंब्यावर पेरा करणे हा होय.

(इ) ओलीचा तुटवडा. मुरमाड, हलक्या जमिनीत पाऊस लवकर उघडल्यास खालची पाने पिवळी पडून गळतात. खोड चिरले असता आत रेघा नसतात. येथे फुलोऱ्याच्या वेळी दिलेले एखादे संरक्षक पाणी कामास येते.

(ई) वांझ रोग. यात झाड वाळत नाही. ते खुजे राहते, पानांवर फिकट-हिरवी नक्षी पडते, व फुलोराच येत नाही. हा विषाणू अतिसूक्ष्म कोळी कीटकांमार्फत पसरतो. पुष्कळ शेतकरी यालाही "तूर गेली" या एकाच शब्दात मोडतात.

म्हणजे "तूर वाळते" या दोन शब्दांत तीन निरनिराळे आजार दडलेले आहेत, आणि चौथा त्यांतच चुकून मोडला जातो. एकाचे औषध दुसऱ्यास दिल्याने खर्च होतो, पण गुण येत नाही. आता हाच प्रश्न पुढीलप्रमाणे विचारून पहा :

"मध्यम काळ्या जमिनीत माझी दोन एकर तूर आहे. पेरा जूनच्या अखेरीस झाला. याच रानात गेली तीन वर्षे तूरच घेतली. फुलोरा आल्यापासून ठिगळाठिगळाने झाडे माना टाकीत आहेत. खोड चिरले तर आत काळ्या रेघा दिसतात. रानात पाणी साचत नाही. एक फवारणी केली, गुण आला नाही. पुढील वर्षी या रानात काय घ्यावे?"

हे सांगण्यास अर्धे मिनिटही लागत नाही. या प्रश्नात निदानाचा बहुतेक भाग शेतकऱ्यानेच करून ठेविलेला आहे; तज्ज्ञास केवळ त्यावर शिक्कामोर्तब करून पुढची दिशा दाखवावयाची आहे. याहून मोठा लाभ म्हणजे, संचापुढे बसलेले इतर शेतकरी या प्रश्नाशी आपले रान ताडून पाहू शकतात. ज्याच्या खोडात काळ्या रेघा नाहीत, त्यास हे उत्तर आपले नव्हे असे तात्काळ उमगते. चांगला प्रश्न अशा रीतीने उत्तराच्या मर्यादाही आखून देतो.

कोणत्याही पिकाच्या प्रश्नात पुढील सात गोष्टी याव्यात : (१) तालुका व जमिनीचा प्रकार, (२) पीक, वाण व क्षेत्र, (३) पेऱ्याची तारीख व पिकाची अवस्था, (४) बेवड, म्हणजे आधीचे पीक, व आंतरपीक, (५) लक्षण काय, कोठे व कधीपासून, (६) पाऊस-पाण्याची स्थिती, आणि आजवर दिलेली खते व केलेल्या फवारण्या, (७) नेमके काय विचारावयाचे आहे ते. कागदावर आधी लिहून घेऊन मगच दूरध्वनी करावा. लिहिताना जी गोष्ट आठवत नाही, ती रानात जाऊन पाहून यावी. कित्येकदा ती पाहण्यातच उत्तर सापडते, आणि दूरध्वनीची गरजच उरत नाही.

६. गावचे दर्शक-मंडळ

पुण्याच्या प्रयोगातील अनुभव ध्यानी घेऊन आमच्या शेतकरी बंधूंनी आपापल्या गावी पंधरा-वीस जणांचे दर्शक-मंडळ स्थापावे, अशी आमची सूचना आहे. त्यास खर्च जवळजवळ नाही. सोसायटीच्या कचेरीत, शाळेत किंवा एखाद्याच्या पडवीत आठवड्यातून एकदा जमावे. एक निमंत्रक असावा. तो लिहिणारा व वेळ पाळणारा असला म्हणजे पुरे, मोठा बागाईतदारच असला पाहिजे असे नाही.

सभेचा क्रम असा ठेवावा. प्रथम मागील आठवड्याच्या टिपणाचे वाचन. नंतर कार्यक्रम पाहणे. त्यानंतर संच बंद करून अर्धा तास चर्चा. संच चालू ठेवून चर्चा होत नाही. पाहिलेल्यापैकी आपल्या शिवारास काय लागू, काय लागू नाही, व का, हे स्पष्ट लिहावे. शेवटी पुढील कार्यक्रमासाठी गावाचा एकच प्रश्न निवडावा व तो वरील सात गोष्टींसह बांधावा. बाकीचे प्रश्न कृषी विज्ञान केंद्राकडे, कृषी सहायकाकडे, किंवा २००४ साली सुरू झालेल्या किसान कॉल सेंटरच्या १८००-१८०-१५५१ या निःशुल्क क्रमांकावर न्यावेत. प्रत्येक प्रश्न दूरचित्रवाणीवरच गेला पाहिजे असा आग्रह नको. ज्याचे उत्तर पुष्कळांच्या उपयोगी पडेल, तोच तेथे न्यावा.

मंडळात स्त्रियांस अवश्य घ्यावे. निंदणी-खुरपणी, वेचणी व गुराढोरांची देखभाल बहुतांशी त्याच करतात, आणि पानाखालची अळी किंवा दूध आटू लागलेली म्हैस प्रथम त्यांच्याच दृष्टीस पडते. पाहणारी व्यक्ती एक आणि दूरध्वनीवर बोलणारी दुसरीच असली, म्हणजे लक्षणांचे वर्णन ऐकीव होते व प्रश्न बिघडतो. जिने पाहिले, तिनेच विचारावे.

टिपणवहीत चार रकाने आखावेत : विचारलेला प्रश्न, मिळालेले उत्तर, त्यानुसार काय केले, आणि परिणाम काय झाला. चौथा रकाना भरला म्हणजे तो केंद्रास पत्राने कळवावा. बहुतेक शेतकरी येथेच थांबतात. उपाय लागू पडला तर समाधान मानून बसतात, न पडला तर शिव्या देऊन मोकळे होतात. केंद्रास दोन्ही गोष्टी कळत नाहीत. मग तोच सल्ला पुढील वर्षी पुन्हा दिला जातो. विचारणे अर्धे काम आहे. उरलेले अर्धे काम कळविण्याचे आहे. खेड्याच्या प्रयोगात कार्यक्रम सुधारत गेले ते या दुसऱ्या अर्ध्यामुळे.

७. काही आक्षेप व काही सावधगिरी

कोणी म्हणेल, हल्ली भ्रमणध्वनीवरून रोगट पानाचे छायाचित्र तज्ज्ञास पाठविता येते. मग मंडळ, सभा व दूरचित्रवाणी यांचा खटाटोप कशास? छायाचित्र अवश्य पाठवावे. त्याचा उपयोग मोठा आहे. परंतु खाजगी उत्तराने एकाचे काम होते. सर्वांसमोर विचारलेल्या प्रश्नाचे उत्तर सर्वांसमोर द्यावे लागते. ते अनेकजण ऐकतात, पडताळतात, व चुकले तर चुकले म्हणून सांगू शकतात. पिकाच्या भावाचा, कालव्याच्या पाळीचा किंवा विम्याच्या भरपाईचा प्रश्न तर खाजगी राहून चालतच नाही.

सावधगिरीच्या दोन गोष्टी सांगणे जरूर आहे. पहिली, मंडळात ज्याचा आवाज मोठा त्याचाच प्रश्न पुढे जाण्याचा धोका असतो. पाच एकर कोरडवाहूवाल्याची अडचण बागाईतदाराच्या अडचणीखाली दबू नये, म्हणून प्रश्नांची पाळी लावावी. दुसरी, काही कार्यक्रमांत सल्ला व विक्री यांची सरमिसळ असते. जेथे औषधाच्या घटकाचे नाव न सांगता केवळ विक्रीचे नाव सांगितले जाते, किंवा निदान होण्यापूर्वीच डबा पुढे केला जातो, तेथे तो सल्ला कृषी विज्ञान केंद्रातून पडताळून घेतल्याखेरीज खर्च करू नये.

८. समारोप

२६ मे २०१५ रोजी शेतकऱ्यांसाठी 'डीडी किसान' ही स्वतंत्र वाहिनी सुरू झाली, व तिच्यावर शेतकऱ्यांच्या दूरध्वनीवर चालणारे थेट कार्यक्रमही होऊ लागले. पुण्याच्या मंडळांस जे दहा आठवडे लाभले, आणि झाबुआच्या शेतकऱ्यांस ज्यासाठी गटाच्या गावी जावे लागले, ते आज घरबसल्या मिळते. परंतु मिळणे आणि टिकणे यांत अंतर आहे. प्रक्षेपण कोणासाठी व कोणत्या वेळी करावे, याचा निर्णय घेणारे लोक पत्रे मोजतात, दूरध्वनी मोजतात, प्रेक्षक मोजतात. ज्या वर्गाकडून काहीच येत नाही, त्याला गरज नाही असे समजले जाते, आणि त्याची वेळ दुसऱ्यास दिली जाते. पीजचे ग्रामस्थ तर बोलके होते, तरी त्यांचे प्रक्षेपण गेले. मग मुक्या प्रेक्षकाची काय कथा!

तरी येत्या हंगामापूर्वी एक वही, एक निमंत्रक व पंधरा माणसे एवढी सामग्री प्रत्येक गावाने जमवावी, एवढेच सांगून हा पाठ पुरा करितो.

सभेत चर्चेसाठी प्रश्न

१. पुण्याच्या प्रयोगात मंडळ असलेल्या गावी ज्ञान अधिक का वाढले? आपल्या गावी तसे मंडळ पूर्वी होते काय? असल्यास ते का बंद पडले?

२. गेल्या हंगामात दूरचित्रवाणीवरून किंवा दूरध्वनीवरून मिळालेल्या एखाद्या सल्ल्याने आपणांस लाभ अगर हानी झाली काय? ती केंद्रास कळविली काय?

३. आपल्या शिवारातील एका पिकाची एक अडचण घ्या व सात गोष्टींसह तिचा प्रश्न बांधा. तो मोठ्याने वाचण्यास किती वेळ लागतो ते घड्याळ लावून पहा.

४. 'दाद फरियाद' सारखा कार्यक्रम आपल्या जिल्ह्यात झाल्यास त्यात मांडण्याजोगी गावाची पहिली तक्रार कोणती, व तिचा जबाब कोणत्या अधिकाऱ्याकडून मागाल?

५. मंडळातील प्रश्नांची पाळी कोरडवाहू शेतकरी, बागाईतदार व स्त्रिया यांच्यात कशी लावावी?